पाच पैशांचे गिऱ्हाईक

२०२४ च्या फेब्रुवारीत एका सकाळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बातमी वाचली. रावळगावची गोळी विकली गेली. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावे आणि त्या गोळ्यांच्या कृती रिलायन्सच्या एका कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतल्या. बँकेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाला कुठलाही आकडा दिसला की तो भागाकार करून पाहतो. रुपयाला एक गोळी धरली तर २७ कोटी गोळ्या. म्हणजे या देशातल्या दर पाच माणसांमागे जेमतेम एक गोळी. एवढ्यात सौदा मिटला.

रावळगाव हे गाव मालेगाव तालुक्यातले, म्हणजे जिल्ह्याने नाशिकचे. पण आम्हा खानदेशी माणसांना ते घरचेच. धुळ्याहून मालेगाव पन्नासेक किलोमीटर आणि तिथून थोडेसे पुढे. वालचंद हिराचंद यांनी तिथल्या माळरानावर ऊस उभा केला, १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. ज्या माणसाने जहाजांची कंपनी चालवली, विमानांचा आणि मोटारींचा कारखाना उभारला, त्याच्याच कारखान्याची गोळी आमच्या चड्डीच्या खिशात विरघळत असे. वाढलेली स्पर्धा झेपेना, असे कंपनीने विक्रीचे कारण दिले. कारण खरेच असणार.

पण मला ती बातमी वाचून वालचंदशेठ आठवले नाहीत. मला आठवले धुळ्याचे आप्पा. आग्रा रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचे गोळ्यांचे दुकान आहे. पुढे दुकान, मागे भट्टी, वर घर. आणि १९८६ साली या दुकानाचा कर्जप्रस्ताव माझ्या सहीने नामंजूर झाला होता.

चौकोनी नाणे

आधी थोडे जळगावविषयी सांगतो, कारण या गोष्टीची सुरुवात तिथे आहे. माझे बालपण जुन्या जळगावात गेले. १९५७ च्या १ एप्रिलला नवे पैसे आले आणि मी त्यानंतर दोन वर्षांनी जन्मलो. त्यामुळे आणे-पै मी आजीच्या तोंडूनच ऐकले. माझे पहिले नाणे म्हणजे पाच पैशांचे, अ‍ॅल्युमिनिअमचे, कोपरे गोल केलेले चौकोनी. इतके हलके की पाण्यावर अलगद ठेवले तर तरंगायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वडील ते हातावर ठेवत.

शाळेच्या वाटेवर एक गोळीवाला होता. लाकडी फळीवर ओळीने बरण्या. लिमलेट, संत्र्याच्या फोडीसारखी संत्रागोळी, बडीशेपेची, जिऱ्याची, पांढरी पेपरमिंट आणि चिंचेची. मी समोर जाऊन उभा राहिलो की तो माणूस पुढे वाकून विचारायचा, "तुले काय जोयजे रे भाऊ?"

मोठ्यांना हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण सात वर्षांच्या मुलाला त्या काळात हा प्रश्न घरात कोणी विचारत नसे. ताटात पडेल ते खायचे, दिवाळीला शिवतील ते कपडे घालायचे, मामा येईल तेव्हा त्याच्या पाया पडायचे. तुला काय पाहिजे, हे जगात फक्त तो गोळीवाला विचारत होता आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत होता. मी बराच वेळ घेई. पाच पैशांत दोन गोळ्या येत, तेव्हा एक लिमलेट आणि एक संत्रागोळी की दोन्ही संत्रागोळ्या, हा निर्णय काही सोपा नव्हता. पुढे बँकेत लाखांच्या प्रस्तावांवर मी याहून कमी वेळात सह्या केल्या आहेत.

तो जळगावचा गोळीवाला म्हणजे आप्पांचा थोरला भाऊ, हे मला वीस वर्षांनी धुळ्यात कळले.

बारा हजारांचा प्रस्ताव

१९८५ मध्ये माझी बदली धुळ्याला झाली. हुद्दा फील्ड ऑफिसरचा. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांनी लहान माणसाच्या दाराशी जायचे, असे धोरण होते आणि आम्ही जातही होतो. म्हशी, हातगाड्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी अशा सगळ्यांची पाहणी करून मी शेरे लिहीत असे.

त्यात एक अर्ज आप्पांचा आला. मागणी बारा हजारांची. हाताने फिरवायच्या रुळांच्या जागी विजेच्या मोटारीवर चालणारे रूळ बसवायचे होते. गोळी कशी होते हे मला त्या अर्जामुळे पहिल्यांदा समजले. साखर आणि पाणी पितळी कढईत चढवायचे. त्यात चिमूटभर लिंबाचे सत्त्व घालायचे, नाहीतर गार झाल्यावर साखर पुन्हा दाणे धरते आणि गोळी काचेसारखी न होता खडीसारखी होते. पाणी जवळजवळ सगळे उडून जाईपर्यंत, म्हणजे दीडशे अंशांच्या आसपास, पाक आटवायचा. आप्पांकडे तापमापक नव्हता. ते पाकाचा थेंब गार पाण्यात टाकत, बोटांनी उचलत आणि मोडत. कडक आवाज आला की कढई खाली. मग तेलाचा हात फिरवलेल्या दगडी फरशीवर पाक ओतायचा, रंग आणि अर्क घालून कडा आत दुमडत राहायचे. पेपरमिंटचा असेल तर भिंतीवरच्या आकड्याला अडकवून ओढायचा, पुन्हा घडी घालून ओढायचा. ओढता ओढता त्यात हवा शिरते आणि तो मोत्यासारखा पांढरा होतो. पट्ट्या कापून रुळांत सरकवायच्या. रुळांवर कोरलेल्या खळ्यांतून गोळ्यांची अखंड चादर बाहेर येते. गार झाली की ती हाताने मोडून चाळायची.

हे सगळे पाक हाताला सोसवेल इतका गरम असतानाच उरकावे लागते. गार झाला तर वळत नाही. खानदेशचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. वैशाखात पारा ४४-४५ वर जातो, म्हणून आप्पा पहाटे तीनला भट्टी पेटवत आणि दिवस वर येण्याआधी विझवत. पावसाळ्यात वेगळी कटकट. हवेतला ओलावा गोळी ओढून घेते आणि बरणीचे झाकण जरा सैल राहिले की सगळ्या गोळ्यांचा एक गोळा होतो. त्यांच्या उजव्या हाताची पहिली तीन बोटे गुळगुळीत झाली होती. पुढे बँकेत अंगठा घ्यायची वेळ आली असती तर त्या बोटांचा ठसा उमटला नसता.

मी स्थळपाहणीला गेलो ती वेळ दुपारी सव्वाबाराची. भट्टी विझलेली, दुकान झाडून स्वच्छ. मी बरण्या मोजल्या, रूळ पाहिले, हिशेबाची वही मागितली. वही होती, पण तिच्यात साखरेची खरेदी होती, विक्री नव्हती. "विक्री कशी लिहू साहेब?" आप्पा म्हणाले. "पाच पैशाला एक गोळी. किलोत साडेतीनशे गोळ्या बसतात. साडेतीनशे वेळा लिहायचं म्हटलं तर गोळ्या कधी करू?"

मी हसलो. त्यांनी चहा मागवला, तो मी घेतला नाही. तेव्हा आम्ही तत्त्वाचे होतो. सात-आठ मिनिटांत पाहणी उरकून बाहेर पडलो आणि शेरा लिहिला. गिऱ्हाईक प्रामुख्याने लहान मुले. विक्रीची नोंद नाही. पाहणीच्या वेळी दुकानात एकही गिऱ्हाईक आढळले नाही. परतफेडीची क्षमता शंकास्पद.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त सव्वाबाराला मुले शाळेत असतात, हे माझ्या लक्षात आले नाही.

मोजून घ्या साहेब

प्रस्ताव नाकारल्यावर आप्पा खाते बंद करतील असे मला वाटले होते. तसे झाले नाही. ते दर सोमवारी येतच राहिले आणि त्यांचे येणे शाखेत कोणाला आवडत नसे, कारण ते चिल्लर आणत. पाच पैशांची चौकोनी, दहा पैशांची कातरलेल्या कडांची, वीस पैशांची षटकोनी, चार आणे, आठ आणे. प्रत्येकाची वेगळी कापडी पिशवी आणि पिशवीत नाणी शंभराच्या हिशेबाने. आमचा रोखपाल कुरकुर करी. गर्दी ओसरल्यावर या, असे आम्ही त्यांना सांगितले, तेव्हापासून ते दुपारी दोननंतर येऊन बाकावर बसून राहत. पिशवी खिडकीत ठेवत आणि म्हणत, "मोजून घ्या साहेब." तीन वर्षांत एकदाही एक नाणे कमी भरले नाही.

एका सोमवारी मी सहज विचारले, जळगावला तुमच्यासारखाच एक गोळीवाला होता, तुम्ही त्याच्यासारखे बोलता. ते म्हणाले, तो माझा थोरला भाऊ. बाप एक, भट्टी एक. बाप गेल्यावर रुळांची जोडी थोरल्याने ठेवली, कढई मी घेतली आणि धुळ्याला आलो. मग मी त्यांच्या दुकानात जाऊ लागलो, पाहणीला म्हणून नव्हे.

तिथे मला त्यांच्या धंद्याचे नियम कळले. ते कुठे लिहिलेले नव्हते, पण गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाठ होते. पहिला नियम, गोळी मोजून तळहातावर ठेवायची आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. दुसरा, पोर ज्या बरणीकडे बोट करील तीच गोळी द्यायची. खपत नाही म्हणून दुसरी गळ्यात मारायची नाही. तिसरा, पोराला उधार द्यायचे नाही. उधारी घरी कळली की मार पोराला बसतो. चौथा नियम मला सगळ्यांत आवडे. दुकानापुढे त्यांनी लहान मुलांना बरण्या दिसाव्यात म्हणून एक दगडी पायरी बसवली होती. गोळी हातातून निसटून पायरीवर पडली तर ती दुकानाची, बदली दुसरी मिळणार. रस्त्यावर पडली तर ती पोराची. मालाची जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे नेमकी कुठे जाते, यावर आम्ही बँकेत पतपत्रांच्या कागदांवर डोके फोडत असू. आप्पांनी तो प्रश्न एका पायरीने सोडवला होता.

आणि एक नियम पोरांना माहीत नव्हता. गोळीला पिवळा, केशरी, लाल रंग लागतो. खाण्याला मनाई असलेला मेटॅनिल यलोसारखा रंग बाजारात स्वस्तात मिळे आणि तो थोडासा घातला तरी गोळी झळकते. आप्पा परवानगी असलेल्या रंगाचा बंद डबा घेत. तो महाग पडे आणि रंग फिका येई. मी एकदा म्हणालो, आप्पा, फिकी गोळी पोरं घेत नाहीत. ते म्हणाले, "साहेब, मोठं गिऱ्हाईक फसलं तर येऊन भांडतं. पोऱ्याले काय समजस? त्याच्या पोटात दुखलं तर माय म्हणते, शाळा बुडवायचं सोंग करतोय. ज्याला भांडता येत नाही त्याचा माल आपणच तपासायचा."

गोळीने दात किडतात हेही ते नाकारत नसत. प्रत्येक पोराला गोळी देताना म्हणत, घरी जाऊन चूळ भर. किती पोरे भरत होती ते देव जाणे.

गोळीचे चलन

१९९४ मध्ये मी पुन्हा धुळ्याला आलो, या वेळी शाखेचा व्यवस्थापक म्हणून. तो काळ सुट्ट्या पैशांच्या दुष्काळाचा. त्याच वर्षी सरकारने एक रुपयाच्या नोटा छापणे थांबवले आणि पुढच्या वर्षी दोन आणि पाचच्या. त्यांच्या जागी नाणी यायची होती, पण ती बाजारात कुठे दिसत नसत. किराणा दुकानदार आठ आण्यांच्या बदल्यात हातावर एक गोळी ठेवू लागले. औषधाच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावरच्या टपरीत, सगळीकडे गोळीच सुटे पैसे झाली. गोळीने वाणी तुमचे देणे फेडे, पण तीच गोळी परत नेली तर तो घेत नसे. असे एकतर्फी चलन मी दुसरे पाहिले नाही.

आप्पांच्या धंद्याला खरे तर तो बरकतीचा काळ. वाण्यांना गोळ्यांची पाकिटे घाऊक पुरवावीत, एवढेच करायचे होते. रावळगावची पाकिटे त्यांनी ठेवली, विकली, चार पैसे मिळवले. पण मनापासून नव्हे. म्हणायचे, "गोळी मागणाऱ्यालाच द्यावी. न मागता हातावर ठेवली की ती औषधासारखी लागते."

त्याच सुमाराला रंगीत पुड्यांच्या माळा दुकानादुकानांत लोंबू लागल्या. दूरदर्शनवर जाहिराती येत आणि मुले बरणीकडे बोट न करता नाव घेऊन गोळी मागत. हाताने फिरवलेले रूळ दिवसाला जेवढ्या गोळ्या काढत तेवढ्या यंत्र चहा पिऊन होईपर्यंत काढत असेल. १९९७ च्या पावसाळ्यात आप्पांनी रोजची भट्टी बंद केली. बरण्या राहिल्या, पण त्यांत आता दुसऱ्यांनी केलेल्या गोळ्या होत्या. जळगावच्या थोरल्या भावाने त्याआधीच घाऊक पाकिटांचा धंदा धरला होता. त्याच्या मुलांनी पुढे त्याच जागेत मोबाईलची कव्हरे विकायला घेतली.

ते विजेचे रूळ १९८६ ला आले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मला तेव्हापासून अधूनमधून सतावतो. कदाचित भट्टी टिकली असती. कदाचित कर्जाच्या हप्त्यांत घर गेले असते. वालचंदांचा कारखाना मागे असलेली गोळी जिथे विकावी लागली, तिथे धुळ्याच्या गल्लीतल्या मोटारीचा काय पाड, असे मी स्वतःला समजावतो. समजूत पुरती पटत नाही.

डब्यातले चार आणे

ती बातमी वाचल्यानंतर पंधरवड्याने मी धुळ्याला गेलो. महाशिवरात्रीचे दिवस होते. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या या गावात रस्ते अजून सरळ आहेत, त्यामुळे म्हातारपणीही घर चुकत नाही. गल्लीच्या तोंडाशीच साखरेच्या पाकाचा वास आला. रोजची भट्टी बंद असली तरी होळीच्या आधी महिनाभर ती पेटते. होळीला आमच्याकडे लहान मुलांच्या गळ्यात साखरेचा हार आणि हातात साखरेचे कडे घालतात. भाच्यांना, नातवंडांना हार-कडे आणि सोबत डाळ्या पाठवायची रीत अजून मोडलेली नाही. लाकडी साचे पाण्यात भिजवायचे, दोन्ही भाग घट्ट बांधायचे, मधून दोरा ओवायचा आणि दूध टाकून मळी काढलेला पाक आत ओतायचा. थोड्या वेळाने साचा उघडला की दोऱ्यात गुंफलेली शुभ्र पदके बाहेर येतात. या कामाला मोठ्या कंपन्या अजून आलेल्या नाहीत. वर्षातून एक महिना चालणारे यंत्र कोण घेणार?

आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुकान सून चालवते. मुलगा एसटीत कंडक्टर. पूर्वी बापाची चिल्लर बँकेत यायची, ती नंतर मुलाच्या चामडी पिशवीत जाऊ लागली आणि आमच्या रोखपालांची सुटका झाली. देवाच्या तसबिरीशेजारी अन्नसुरक्षा कायद्याखालचे नोंदणीपत्र चौकट करून लावले आहे आणि त्याच्या खाली मोबाईलवरून पैसे द्यायचा तो काळा-पांढरा चौकोन.

मी रावळगावची बातमी सांगितली. त्यांना ती ठाऊक होती. "आठ आणे चालायचे बंद झाले तेव्हाच ती गोळी विकली गेली," ते म्हणाले. कागदोपत्री आठ आणे आजही चालतात, पण दुकानात घेत कोणी नाही, हे मलाही माहीत होते. रुपयाची गोळी दीड रुपयाला करता येत नाही आणि सव्वालाही नाही, कारण मधली नाणीच उरली नाहीत. मग साखर महागली, मजुरी वाढली, तरी गोळी रुपयालाच. फार तर ती लहान करायची.

मग त्यांनी सुनेला सांगून फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढवला. झाकण उघडले तर आत चार आण्यांची नाणी. हाताने ढवळली तर तळाशी दहा आणि वीस पैसेही होते. मी विचारले, हे काय?

२०११ सालची गोष्ट निघाली. त्या वर्षी ३० जूनपासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. आदल्या दिवसापर्यंत बँकांनी ती बदलून दिली. मी तेव्हा नाशिकला होतो आणि आमच्या शाखेत नाण्यांच्या थैल्या घेऊन आलेल्या लोकांची रांग मला आठवते. ३० जूनला आम्ही पाटी फिरवली आणि तो विषय संपला.

आप्पांच्या दुकानात तो त्या दिवशी सुरू झाला. नाणी बंद झाली म्हटल्यावर घराघरांतल्या मोठ्यांनी देव्हाऱ्यातले, फडताळातले उरलेसुरले चार आणे पोरांना खेळायला देऊन टाकले. पोरांनी ती घेतली आणि सरळ आप्पांची पायरी गाठली. दोन चार-आणे दिले की एक गोळी, हा हिशेब त्यांना माहीत होता. सरकारचा हुकूम माहीत नव्हता.

"मग तुम्ही घेतले?"

"घेतले."

"किती दिवस?"

"दिवाळीपर्यंत येत होती. मग आटली."

मी बँकेतला माणूस. माझ्या तोंडून निघून गेले, आप्पा, हा तर सरळ तोटा. त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "साहेब, पोरगं दोन नाणी मुठीत धरून पायरीवर उभं राहतं. त्याला मी काय सांगू, तुझे पैसे खोटे? उद्या ते रुपया घेऊन आलं तरी भीतभीत देईल." थोड्या वेळाने म्हणाले, "तुमच्याकडं बदलायची तारीख होती. माझ्याकडं तारीख नव्हती."

मी डबा उचलून पाहिला. चांगला जड होता. किती भरतील ते त्यांनी कधी मोजले नव्हते. आयुष्यात न मोजलेली ही एकच चिल्लर असावी.

सव्वापाचची पाहणी

मी निघालो तेव्हा आप्पा म्हणाले, "थांबा ना साहेब. सव्वापाचला शाळा सुटते. तेव्हाचं दुकान तुम्ही पाहिलंच नाही."

एवढ्या वर्षांत त्या नामंजूर कर्जाचा उल्लेख त्यांनी केला तो हा असा. त्यात टोमणा होता की नाही, मला सांगता येत नाही. मी खुर्ची घेऊन बसलो. चहा आला, या वेळी घेतला.

सव्वापाचला आधी आवाज आला, मग दप्तरे दिसली. पायरीवर दोन रांगा, मागे आणखी गर्दी. हल्ली मुलांच्या हातात पैसे कुठे असतात, आया मोबाईलवरून देतात, असे मी मनात म्हणत होतो, तर पोरांच्या मुठींत रुपये होते. गर्दी सरल्यावर सूनबाईंनी उलगडा केला. सोमवारी आई येते, मोबाईलवरून दहा रुपये देते आणि निघते. सूनबाई ते दहा रुपये गोळ्यांत धरत नाहीत. पोराच्या हातावर रुपयाची दहा नाणी ठेवतात. मग ते पोर आठवडाभर स्वतः येते, स्वतः निवडते, स्वतः पैसे देते. नाणी रोज गल्ल्यात परत येतात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा वाटली जातात.

"एखाद्यानं हरवली तर?" मी विचारले.

"हरवली तर हरवली. त्याचीच होती," त्या म्हणाल्या.

मी पस्तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत होतो. ठेव घेणे आणि ठेवीदाराला ती त्याची आहे असे वाटू देणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणत्याही प्रशिक्षण वर्गात शिकवले नाही.

अंधार पडायला आला तरी चार-पाच मुले रेंगाळत होती. त्यातल्या एका बारक्याच्या हातून संत्रागोळी सुटली. ती पायरीच्या कडेवर आपटली, उडाली आणि रस्त्यावर जाऊन थांबली. एकदम गलका झाला. रस्त्यावर गेली, याचीच! नाही, आधी पायरीवर पडली, दुकानाची! दोन्ही बाजूंनी जोरात युक्तिवाद होऊ लागले. बारक्या काही बोलत नव्हता, फक्त गोळीकडे पाहत होता. सूनबाईंनी आत पाहिले.

आप्पा खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पयले कुठं पडनी?"

"पायरीवर," चार जणांनी एकदम सांगितले.

"मग आपली," ते म्हणाले. सूनबाईंनी बरणीचे झाकण उघडले आणि बारक्याच्या तळहातावर दुसरी गोळी ठेवत मोठ्याने म्हटले, "एक."